पाऊणकी, निमकी, पावकी

"बाई, हायफाँग कुठं आलं हो?"

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, सकाळचे साडेआठ. काकी वईपलीकडे बाजेवर जुनं नऊवारी पसरून पोह्याचे पापड वाळत घालत होत्या. मी अलीकडे सुपात सुकट निवडत बसले होते. आमच्या दोन अंगणांमध्ये करवंदीच्या काट्यांची वई आहे. ती दिवाळीनंतर नव्याने बांधायची असं गेली अकरा वर्षं ठरतंय आणि मधलं भगदाड दर वर्षी वीतभर मोठं होतंय. त्यातून कालवणाच्या वाट्या जातात, मांजर जातं, बातम्या तर जातातच.

झेडपीच्या शाळेत तीस वर्षं खडू झिजवलेला असल्यामुळे असे प्रश्न माझ्याकडेच येतात.

"व्हिएतनामात. बंदर आहे मोठं. का हो?"

"आमच्या पोराने काल पेटीवर लिहिलं म्हणे. मशीन तिकडं चाललंय."

‘चाललंय’ हा शब्द त्यांनी अशा सुरात म्हटला की वाटावं, घरातली लेक सासरी चालली आहे. (काकींची बोली लिहिताना मी थोडी सरळ केली आहे. त्यांनी रागावू नये. नानांची तर फारच सरळ केली आहे, कारण गिरणीत शिकलेले काही शब्द छापता येत नाहीत.)

काकींचा मुलगा खाडीपलीकडच्या एका कंपनीत मोल्डिंगच्या मशीनवर सोळा वर्षं आहे. कंपनीचं नाव काकींनी तासाभरात पाच वेळा घेतलं, मी एकदाही घेणार नाही. त्याचा हिशेब अजून व्हायचा आहे. गेले दोन महिने कुजबूज होती की मालकाने बाहेर जागा घेतली आहे. मग एके दिवशी लाकडी पेट्या आल्या. सुटे भाग पुसून, तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पेटीत भरायचं काम आलं ते त्याच पोरांच्या वाट्याला. ज्या मशीनला सोळा वर्षं तेल घातलं, त्याच्या पेटीला खिळे मारायचे आणि वर ब्रशने बंदराचं नाव लिहायचं. आमच्या पेण भागातल्या पोरांचा ब्रशवर हात चांगला, म्हणून ते कामही यालाच दिलं.

"कंटेनर निघाला तेव्हा पोरं ओरडली, गणपती बाप्पा मोरया!" काकी म्हणाल्या. "कुणीतरी म्हणालं, पुढच्या वर्षी लवकर या. मग कुणी हसलंच नाय."

पापडाची एक कड दुमडली होती, ती त्यांनी अंगठ्याने सरळ केली.

आमच्याकडे हे वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं नसतंच. पलीकडे हमरापूर, जोहे, घरटी एक कारखाना, आणि इथे कारखाना म्हटलं की आधी गणपतीचाच. काकींची सूनही हंगामात आखणीला जाते. डोळ्यांची आखणी म्हणजे सगळ्यात जोखमीचं काम, हात हलला की देव तिरळा होतो. इथले गणपती अमेरिकेला, मॉरिशसला, लंडनला जातात, २०२३ मध्ये पेणच्या मूर्तींना भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे आमच्या जित्याच्या परिसरातून बोटीने देवही जातो आणि नोकरीही. देव हार घालून जातो, एवढाच फरक.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. सरकार काय देतं का अशाला, तेच तुम्हाला विचारायला आले. तुम्ही वाचता ना सगळं."

पडवीत बाजेवर नाना पडले होते. डोळे मिटलेले, म्हणजे ते नक्की ऐकत होते.

"देतं की," ते तिथूनच म्हणाले. "पाऊणकी, निमकी, पावकी!"

आजच्या मुलांना हे पाढे माहीत नाहीत. मी शाळेत लागले तेव्हाच ते पुस्तकातून गेले होते, पण नानांच्या पिढीने चौथीपर्यंत पाऊणकी, निमकी, पावकी, सवायकी, दिडकी, अडीचकी अशी ओरडून ओरडून पाठ केलेली. नाना मुंबईला गिरणीत होते. १९७६ ला लागले, १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा घरी आले, परत गेले, आणि पुढे गिरणीलाच टाळं लागलं. तेव्हा केंद्र सरकारने एक योजना काढली होती, कापड कामगार पुनर्वसन निधीची, १५ सप्टेंबर १९८६ पासून. खासगी गिरणी बंद पडली तर तिच्यातल्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५. पाच वर्षं सलग नोकरी हवी, पगार अडीच हजारांच्या आत हवा. पुढे ती मर्यादा साडेतीन हजार केली.

"पहिल्या साली पोरगं बालवाडीत. तिसऱ्या साली दुसरीत. त्याची फी वाढली, वह्या वाढल्या, भूक वाढली आणि सरकारचा पाढा उतरता!" नाना उठून बसले. "मला तर पाऊणकीच मिळाली. निमकीला नापास."

"का हो नाना?"

"ती गोष्ट मोठी आहे," ते म्हणाले आणि चहा मागवला. नानांची मोठी गोष्ट चहाशिवाय सुरू होत नाही आणि चहा आल्यावर ते दुसरंच काही बोलतात.

तेवढ्यात मागच्या दारच्या वहिनी मिरगुंडाचं पीठ कितपत घट्ट हवं ते विचारायला आल्या आणि हातात परात तशीच धरून तिथेच उभ्या राहिल्या. त्यांची बहीण न्यू जर्सीला असते. त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर वहिनींचं वाक्य ‘आमच्या ताईकडे’ असं सुरू होतं.

"आमच्या ताईकडे तर काम बाहेरच्या देशात गेलं की सरकार पैसे द्यायचं, शिकवायचं, नवी नोकरी शोधायला प्रवासाचे पैसेसुद्धा द्यायचं."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, कारण या खेपेला ताईची बातमी खरी होती.

अमेरिकेत ही व्यवस्था केनेडींच्या वेळची, १९६२ च्या व्यापार कायद्यातली. परदेशी मालाला आपण दार उघडतोय, त्यात कुणाची नोकरी जाईल, तर त्याची भरपाई देशाने करावी असा त्यामागचा विचार. विचार फार चांगला होता आणि १९६९ पर्यंत, म्हणजे पहिली सात वर्षं, एकाही अर्जाला मंजुरी मिळाली नाही. हे ऐकून नानांना इतका आनंद झाला की त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे तिकडंही बाबू लोक आहेतच!" १९७४ च्या कायद्याने अटी सैल केल्या, मग लाखो लोकांना लाभ मिळाला. अर्ज युनियनने करावा, मालकाने करावा, नाहीतर कुठल्याही तीन कामगारांनी एकत्र येऊन करावा. तो थेट वॉशिंग्टनच्या कामगार खात्याकडे जायचा. तिथे चौकशी व्हायची की हे काम खरोखर बाहेर गेलं का, किंवा बाहेरच्या मालामुळे बुडालं का. हो म्हटलं की मग नवं शिक्षण, आणि शिकत असेपर्यंत आठवड्याला भत्ता, जास्तीत जास्त १३० आठवडे.

"एकशे तीस आठवडे म्हणजे?" काकी.

"अडीच वर्षं," मी म्हटलं.

"अडीचकी!" नाना.

आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला नवी नोकरी कमी पगाराची मिळाली, तर जुन्या आणि नव्या पगारातल्या फरकाचा अर्धा भाग दोन वर्षं सरकार भरून द्यायचं, दहा हजार डॉलरपर्यंत. "ही निमकी," वहिनी म्हणाल्या. एव्हाना पाढे सगळ्यांच्याच जिभेवर आले होते.

"तिथल्या ज्या लोकांचं काम आपल्या पोरांकडे आलं, त्यांना?" हा प्रश्न काकींचा. काकींचा भाचा ऐरोलीला रात्रपाळीत फोनवर अमेरिकेतल्या लोकांचे हप्ते आणि बिलं निस्तरतो.

त्यांनाही मिळायचं. २००९ च्या दुरुस्तीनंतर कारखान्याबाहेरच्या, म्हणजे फोनवर आणि संगणकावर काम करणाऱ्यांनाही हा कायदा लागू केला होता. म्हणजे काकींच्या भाच्याला खुर्ची मिळाली तेव्हा पलीकडच्या कुणा बाईची खुर्ची गेली असेल, तर तिला तिच्या सरकारने शिकायला पैसे दिले असतील. काकी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. शाप तरी लागायचा नाय."

वहिनींना आता परत घरी जायला हवं होतं, पीठ वाळत होतं. पण मी ‘द्यायचं’ असं भूतकाळात का बोलते आहे ते त्यांच्या लक्षात आलं. "आता नाही देत?" जुन्या लोकांचं चालू आहे, पण १ जुलै २०२२ पासून नवा अर्ज घेणं बंद आहे. मुदत संपली आणि तिथल्या संसदेने ती वाढवली नाही. युरोपने २००७ पासून असाच एक निधी ठेवला आहे, तो चालू आहे. पण ते राहू दे.

आपल्याकडचं सांगा, असं म्हणून काकींनी पापडावर पाणी शिंपडावं तशी हवेत बोटं झटकली.

आपल्याकडचं सांगायला मला चष्मा लावावा लागला. काकींचा मुलगा आदल्या रात्री नोटीस, पगाराच्या पावत्या असं सगळं माझ्याकडे ठेवून गेला होता. नोटीस साठ दिवसांची. कंपनीच्या मस्टरवर १८० माणसं, बाकी ठेकेदाराची. पूर्वी शंभर कामगारांचा कारखाना बंद करायचा तर मालकाला सरकारची परवानगी लागायची. नवी कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तो आकडा ३०० वर गेला. १८० वाल्याने परवानगी मागायचीच नाही, नोटीस लावायची. भरपाई मात्र जुनीच, दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार.

"सोळा वर्षं झाली त्याची," काकी म्हणाल्या.

"सोळा निम्मे आठ," नाना पडवीतून. "आठ महिने."

आठ महिन्यांचा पगार, शिवाय ग्रॅच्युइटी, शिवाय फंड. हे सगळं खरं तर त्याचंच. मालकाने द्यायचं. यात सरकारचा पैसा एक रुपया नाही. नव्या संहितेत एक चांगलं वाटणारं कलम आहे, कामावरून कमी केलेल्या कामगाराला नवं काही शिकता यावं म्हणून निधी. त्यात मालकाने कामगाराच्या शेवटच्या पगाराचे पंधरा दिवस भरायचे आणि ते ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. कल्पना तीच, वॉशिंग्टनवाल्यांची. फक्त तिकडे १३० आठवडे आणि इकडे पंधरा दिवस. मी मास्तरीण आहे, मला विचाराल तर पंधरा दिवसांत पोराला अडीचकीसुद्धा धड येत नाही.

"पण ईएसआय आहे ना?" वहिनी म्हणाल्या.

आहे, आणि इथेच खरी गंमत आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या दोन योजना आहेत. एक २००५ च्या १ एप्रिलपासूनची, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना बंद पडला किंवा कामावरून कमी केलं तर पहिलं वर्ष निम्मा पगार, दुसरं वर्ष पाव. नानांची ती कापड गिरण्यांची योजनासुद्धा २०१७ मध्ये यातच विलीन केली. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, १ जुलै २०१८ ची. ती नव्वद दिवसांची, जन्मात एकदाच. सुरुवातीला पाव पगार, कोविडच्या टाळेबंदीत तो निम्मा केला. म्हणजे पाढे सरकारला पाठ आहेत, पाऊणकी तेवढी विसरली.

हे सगळं वाचून दाखवत असताना काकींचा चेहरा उजळत गेला आणि मला पुढचं सांगणं जड गेलं. ईएसआयची पगारमर्यादा २१,००० आहे. काकींच्या मुलाचा पगार २६,४००. मर्यादा ओलांडली तेव्हा त्याचं ईएसआयचं कार्ड बंद झालं. त्या वर्षी युनियनचा करार झाला होता. मला चांगलं आठवतं, कारण काकींनी याच भगदाडातून मला पेढे दिले होते.

"म्हणजे पगार वाढला हा गुन्हा झाला?"

तसंच काहीसं. मर्यादेच्या वरचा कायम कामगार श्रीमंत समजला जातो. त्याच्या खालचा ठेकेदाराचा पोरगा गरीब समजला जातो, पण ठेकेदाराने त्याची वर्गणी भरलेली हवी आणि नाव एका ठिकाणी नीट लागलेलं हवं. सुनेच्या गणपतीच्या कारखान्याला तर मस्टरच नसतं. तिथे हंगामात रात्री दोनपर्यंत हात चालतो आणि अनंत चतुर्दशीनंतर नोटीसही लागत नाही. मग या योजना कुणासाठी आहेत? आहेत काही लोक. ते चाळणीच्या बरोबर भोकाएवढे असावे लागतात.

नाना आता वईपाशी आले होते. "ते एचओसीचं सांग ना," ते म्हणाले.

आमच्या भागात हा विषय निघाला की रसायनी येणारच. रोहा गाडीने जित्याहून पनवेलकडे निघालात तर आपटा आणि मग रसायनी. स्टेशनालाच ते नाव आहे. एचओसी, म्हणजे हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स, ही सरकारचीच कंपनी, १९६० ची. देशाने रसायनं स्वतः बनवावीत म्हणून काढलेली. पुढे बाहेरचा स्वस्त माल आत येऊ लागला आणि कंपनी तोट्यात गेली. इथे काम व्हिएतनामला गेलं नाही, तिकडचा माल इकडे आला. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे कारखाने बंद करायचा निर्णय घेतला. कामगारांना स्वेच्छानिवृत्ती. ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला ६१८ कोटी ८० लाखांना देऊन देणी भागवायची. एकच कारखाना वाचला, रॉकेटच्या इंधनाबरोबर लागणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनवणारा. तो इस्रोकडे गेला.

"रॉकेट असतं तर आपलं पोरही वाचलं असतं," नाना म्हणाले. "प्लास्टिकच्या बादलीने कुणी चंद्रावर जात नाय."

सरकारी कंपनीचं एक बरं, विकायला जमीन असते आणि प्रश्न विचारायला खासदार असतो. खाजगी मालकाची जमीन मालकाची. तळेगावला जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये गाड्या बनवणं थांबवलं. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला, २०२३ मध्ये करार झाला. जुन्या कामगारांनी आम्हालाही नव्या मालकाने घ्यावं म्हणून आंदोलनं केली. इमारत, यंत्रं, जमीन यांची नावनिशीवार किंमत करारात लिहिता येते. माणसाची अट कुणी घालायची हे कायद्यात लिहिलेलं नाही. तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा कारखाना २००६ मध्ये सुरू झाला आणि १ नोव्हेंबर २०१४ ला थांबला. त्याच कंपनीने मधल्या काळात, २००८ मध्ये, जर्मनीतला बोखुमचा कारखाना बंद करून काम रोमानियाला नेलं आणि तीन वर्षांनी रोमानियाचाही बंद केला. कामाचं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड. उद्या हायफाँगमध्ये जो पोरगा ती पेटी उघडेल, त्याने झाकण आणि खिळे जपून ठेवावेत.

इथवर आल्यावर वहिनी म्हणाल्या की आपणही दिल्लीला लिहायला हवं, अमेरिकेसारखी योजना काढा, काम परदेशात गेलं त्याला पैसे द्या. मला पटत होतं. काकींना पटलं नाही.

"परदेशातच का? खालच्या आळीतल्या पोराची कंपनी गुजरातला गेली. त्याच्या बायकोने चूल कमी पेटवायची का? आणि त्या पलीकडच्याच्या जागी मशीन आलं, ते तर कुठंच गेलं नाय. दात पडला तर कुठे पडला ते काय बघायचं?"

हा मुद्दा मोठ्या मोठ्या अर्थशास्त्र्यांनी त्या अमेरिकन कायद्यावर घेतला आहे. काकींनी तो पापड उलटताना घेतला. काम गेलं ते कुठल्या कारणाने, हे शोधायला वॉशिंग्टनला एक खातं बसवलं होतं. कारण ठरेपर्यंत माणसाने खायचं काय? आणि कारण परदेश ठरलं तर पोट भरणार, यंत्र ठरलं तर नाही, यात कसला न्याय? पण आपल्याकडे उलटंच टोक आहे. आपल्याकडे पगार किती विचारतात, मस्टरवर माणसं किती विचारतात, वर्गणी किती वर्षं भरली विचारतात. काम गेलं कुठे हे कुणी विचारतच नाही, त्यामुळे किती कामं बाहेर गेली त्याचा हिशेबही राहत नाही. विचारावं जरूर. पैसे मात्र त्यावर अडवू नयेत.

मग मी काकींना त्यांच्याच मुलाची पावती दाखवली. कपातीच्या रकान्यात फंडाखाली एक छोटी ओळ असते, पीटी, दोनशे रुपये. फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. सोळा वर्षांत त्याचे चाळीस हजारांच्या आसपास गेले असतील. माझ्याही पगारातून जायचे, आणि शिक्षकांच्या खोलीत आम्ही दर फेब्रुवारीला त्या जास्तीच्या शंभरावरून कुरकुरायचो. हा व्यवसाय कर. महाराष्ट्राने तो १९७५ च्या कायद्याने बसवला तो कशासाठी? रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला काम देणं हे सरकारचं कर्तव्य आहे, असा कायदा आपल्या विधिमंडळाने १९७७ मध्ये केला. मागेल त्याला काम. देशात पहिल्यांदा. वि. स. पागे यांची ती कल्पना. ज्याला पगार आहे त्याने दरमहा थोडे द्यायचे, सरकारने तेवढेच घालायचे आणि ज्याच्या हाताला काम नाही त्याच्या हातात कुदळ द्यायची.

"म्हणजे सोळा वर्षं माझं पोर दुसऱ्याच्या कामाचे पैसे भरत होतं?" काकी म्हणाल्या.

"हो."

"चांगलं केलं. मग आता त्याची पाळी."

त्याची पाळी आली तर त्याला खड्डे खणायला मिळतील. हमी अंगमेहनतीच्या कामाची आहे. तीस टनाचं मशीन आवाजावरून ओळखणाऱ्या माणसाला कुदळ द्यायला हरकत काही नाही, कुदळीला आम्ही कमी लेखत नाही, पण हे म्हणजे गवंड्याला सुट्टी देऊन त्याच्याकडून चिखल तुडवून घेणं झालं. माझं मत विचाराल तर आपल्याला वॉशिंग्टनची नक्कल करायची गरज नाही. पन्नास वर्षांपूर्वी याच राज्याने पगारदाराच्या खिशातून बेकाराच्या हातापर्यंत वाट बांधली होती. ती एकाच दिशेने चालू राहिली. तीच उलट दिशेने चालू करावी. ज्याने दहा-पंधरा वर्षं व्यवसाय कर भरला, त्याचा कारखाना कुठल्याही कारणाने बंद झाला, तर वर्षभर पाऊण पगार आणि नवं काम शिकायची फी त्यातून द्यावी, २१,००० ची भिंत न घालता. राज्याला हे करता येतं. दिल्लीला विचारावंही लागत नाही.

"लिहून पाठवा," नाना म्हणाले. "पण उत्तराची वाट बघू नका. पहिली सात वर्षं कुणालाच मिळालं नव्हतं ना?"

ऊन चढलं होतं. वहिनींचं पीठ परातीतच सुकलं होतं, त्या स्वतःला शिव्या देत गेल्या. दहाच्या सुमाराला गाडीचा आवाज आला आणि थोड्या वेळाने काकींचा मुलगा स्टेशनाकडून येताना दिसला. रात्रपाळीची आता दहाच माणसं उरली आहेत, पहारा द्यायला. त्याने वईपाशी थांबून माझ्याकडून कागदांची पिशवी घेतली, पावत्या मोजल्या आणि विचारलं, "बाई, २०१४ च्या ऑगस्टची दिसत नाही."

आम्ही सगळ्यांनी पिशवी उलटी केली. सुपाखाली बघितलं, पापडाखालीही बघितलं. ती नोटिशीच्या घडीत निघाली.

तेव्हा कुठे नानांनी आपली मोठी गोष्ट सांगितली आणि ती दोनच वाक्यांची निघाली. दुसऱ्या वर्षाच्या अर्जाला शेवटच्या पगाराची पावती लागत होती. ती त्यांच्या आईने शेवग्याच्या शेंगा बांधून शेजारी दिली होती.

तेव्हा ज्यांच्या घरात कंपनीत जाणारं माणूस आहे, त्यांनी एवढं करा. पावत्या, ईएसआयचं कार्ड आणि फंडाचा नंबर एका पिशवीत घालून ती माळ्यावर ठेवा, आणि पाऊस लागायच्या आत एकदा काढून बघा.